मोटारीच्या दुखण्याचा इतिहास



व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकले, मराठ्यांच्या मोहिमा ऐकल्या, अर्थसंकल्पाची चिरफाडही ऐकली. तेथे उभे राहून मोटारगाडीच्या बिघाडाचा इतिहास सांगणे हे धार्ष्ट्य आहे, याची मला जाणीव आहे. परंतु चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी हाच दिला, आणि त्याला कारण आहे. गेली तीस वर्षे मी गॅरेजमध्ये आणि वाहतुकीच्या धंद्यात राबणाऱ्या कामगारांची संघटना बांधण्याचे काम करीत आलो आहे. शाळेशी माझा संबंध लवकर सुटला. पुढे जे काही शिक्षण झाले ते मिस्त्रींच्या शेजारी बसून आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट मला खटकत आली. यंत्र कोणी शोधले हे पुस्तकात असते. बिघडलेल्या यंत्राचे दुखणे कोणी आणि कसे ओळखले, हे नसते. जेम्स वॅटचे नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे; पण हा वॅट मूळचा दुरुस्ती करणारा कारागीर होता, हे किती जणांना ठाऊक असते? ग्लासगो विद्यापीठाकडे न्यूकोमेनच्या वाफेच्या यंत्राची एक लहान प्रतिकृती होती. ती नीट चालेना म्हणून १७६३ साली वॅटकडे दुरुस्तीला आली, आणि वाफ एवढी वाया का जाते याचा छडा लावता लावता पुढच्या शोधाचा धागा त्याच्या हाती लागला. म्हणजे निदान आधी, शोध मागाहून.

आज मी जुन्या मोटारींच्या तीन तक्रारी घेणार आहे. पहिली इंजेक्शनची, दुसरी आयडलची म्हणजे मिस्त्री जिला ‘रेस’ म्हणतात तिची, आणि तिसरी एसीची. गिऱ्हाईक या तिन्ही वेगवेगळ्या सांगते. ‘गाडी मिसिंग मारते’, ‘सिग्नलला बंद पडते’, ‘कूलिंग येत नाही’. पण गाडीचे झाकण उघडले की कळते, या तीन बहिणी आहेत आणि एकीचे दुखणे दुसरीच्या अंगावर दिसते. त्यांचा इतिहासही एकच आहे. त्या इतिहासात मला जो प्रश्न महत्त्वाचा वाटतो तो असा: यंत्राला काय झाले आहे हे जाणण्याचा अधिकार कोणाकडे होता, आणि तो कोणाकडून कोणाकडे गेला?

प्रथम कार्ब्युरेटरचा काळ पाहू. कार्ब्युरेटर हे मोठे मनमोकळे यंत्र होते. एका वाटीत तरंगता गोळा, त्याने राखलेली पेट्रोलची पातळी, मध्ये आवळलेला गळा, त्यातून हवा जोराने गेली की जेटच्या छिद्रातून पेट्रोल ओढले जाते, झाले. एका वजनी भाग पेट्रोलाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, हे प्रमाण साधायचे कसे, एवढाच त्याचा संसार. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणारी पद्मिनी मुंबईची टॅक्सी झाली ती या साधेपणाच्या बळावर. फुटपाथवरचा मिस्त्री प्लग काढून त्याचे टोक पाही. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरके असेल तर कमी, विटकरी असेल तर ठीक. रेस लावायची तर एक स्क्रू हवा-पेट्रोलाच्या मिश्रणाचा आणि एक थ्रॉटलच्या टेकूचा. मिस्त्री डोळे मिटून स्क्रू पाव फेरा फिरवी आणि कान देऊन थांबे. इंजिन हवा चोरून घेत असेल तर जोडावर थोडे पेट्रोल टाकून पाही. आवाज बदलला की चोर सापडला. उपाय धोक्याचा, पण शास्त्र पक्के होते.

या काळाचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. त्या काळीही ज्ञान सर्वांना खुले नव्हतेच. उस्ताद जेट बदलताना पाठ फिरवून बसे, आणि पोऱ्या चार चार वर्षे नुसते नट-बोल्ट रॉकेलात धूत राही. शिवाय टाकीतून पेट्रोल काढायचे तर नळी तोंडात धरून ओढायची, हे काम त्या पोऱ्याचेच. त्या पेट्रोलात काय होते, हे त्याला कोणी सांगितले नाही. ते आता सांगणे भाग आहे, कारण आपल्या कथेचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, येथेच प्रवेश करतो.

अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीच्या संशोधनशाळेत टॉमस मिजली नावाचा इंजिनियर होता. इंजिनात पेट्रोल अवेळी भडकून ठोके पडत; त्यावर तोडगा शोधता शोधता १९२१ च्या डिसेंबरात त्याला शिशाचे एक संयुग सापडले, टेट्राएथिल लेड. चिमूटभर घातले की ठोके बंद. १९२३ साली ते पंपावर विकायला आले. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील बेवे येथे हे द्रव्य तयार करणाऱ्या कारखान्यातले पाच कामगार भ्रमिष्ट होऊन, तडफडून मेले. कित्येक इस्पितळात पडले. तेव्हा मिजलीने वार्ताहरांना बोलावून त्यांच्यासमोर त्या द्रव्याने हात धुतले आणि त्याचा वास घेऊन दाखवला. हे किती निर्धोक आहे पाहा, असे त्याला दाखवायचे होते. वास्तविक तो स्वतःच आदल्या वर्षी शिशाच्या विषबाधेमुळे काम सोडून विश्रांतीला गेला होता! आपल्या देशात शिशाचे पेट्रोल सर्वत्र बंद व्हायला २००० साल उजाडले, आणि जगातून ते संपूर्ण गेले २०२१ साली, अल्जीरियात. तोवर नळी तोंडाने ओढणारी पोरे आपल्याकडे म्हातारी झाली होती.

याच मिजलीचे दुसरे अपत्य म्हणजे फ्रिऑन, मिस्त्रींच्या भाषेत आर-१२. त्यापूर्वी बर्फाच्या यंत्रात अमोनिया किंवा गंधकाचा वायू असे. गळला तर माणूस मरे. १९२८ साली मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असा वायू शोधला की जो विषारी नाही, पेट घेत नाही. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. मला या माणसाच्या नाटकीपणाचे नवल वाटते. परंतु या वेळी तो जे सांगत होता ते माणसाच्या फुप्फुसापुरते तरी खरे होते. १९३९ साली पॅकार्ड कंपनीने या वायूवर चालणारे थंड हवेचे यंत्र मोटारीत बसवले. त्याचा बाष्पक सामानाच्या डिकीत होता, आणि कॉम्प्रेसरला क्लच नसल्यामुळे थंडी बंद करायची तर बोनेट उघडून पट्टा हाताने उतरवावा लागे. हा प्रकार फार काळ टिकला नाही, पण पुढच्या एसीचे मूळ तेथे आहे.

म्हणजे पेट्रोलातले शिसे आणि एसीतला गॅस, दोन्ही एकाच माणसाची देणगी. दोन्ही पुढे जगाला परत घ्याव्या लागल्या. शिसे गेले तेव्हा कार्ब्युरेटरही गेला आणि इंजेक्शन आले. आर-१२ गेला तेव्हा एसीची सारी विद्या बदलली. दोन्ही वेळा कायदा झाला वरती, आणि नवे शिकण्याचा भार पडला खाली, गॅरेजच्या खड्ड्यात उभ्या असलेल्या माणसावर. त्याला कोणी वर्ग भरवून शिकवले नाही.

शिसे का गेले ते थोडक्यात सांगतो. लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणारे एक धुरकट आवरण येऊन बसे. अननसाच्या वासाचा अभ्यास करणारे आरी हागेन-स्मिट नावाचे एक डच रसायनज्ञ तेथे होते. त्यांनी १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दाखवून दिले की मोटारींचा धूर आणि सूर्यप्रकाश यांच्या संयोगातून हे विष तयार होते. मोटार कंपन्यांना ते पटायला बरीच वर्षे लागली. पटवून घेण्यात ज्यांचे नुकसान असते त्यांना सत्य उशिराच पटते. अखेर १९७० साली अमेरिकेत कडक कायदा झाला, आणि १९७५ च्या मोटारींपासून धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. या कन्व्हर्टरला दोन पथ्ये असतात. पेट्रोलात शिसे चालत नाही, कारण त्याने तो निकामी होतो. आणि तिन्ही विषारी वायू एकदम मारायचे तर हवा-पेट्रोलाचे प्रमाण १४.७ वरून हलता कामा नये. हे दुसरे पथ्य पाळणे स्क्रू आणि जेटच्या कुवतीबाहेरचे होते.

इंजेक्शन ही कल्पना तशी जुनीच. डिझेल इंजिनाला तर ते जन्मापासूनच हवे होते; स्टुटगार्टच्या बॉश कंपनीचे डिझेल पंप १९२७ पासून तयार होऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांच्या पेट्रोल इंजिनांत इंजेक्शन होते, आणि १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएल या मोटारीत तीच विद्या उतरली. विजेच्या इशाऱ्यावर उघडझाप करणारे इंजेक्टर अमेरिकेच्या बेंडिक्स कंपनीने १९५७-५८ च्या सुमारास आणले. पण तेव्हाची इलेक्ट्रॉनिक साधने इतकी नाजूक की क्रायस्लरने ती बसवलेल्या जेमतेम पस्तीसेक मोटारींपैकी बहुतेकींना पुन्हा कार्ब्युरेटर लावून द्यावे लागले. बेंडिक्सचे पेटंट घेऊन बॉशने १९६७ साली ‘डी-जेट्रॉनिक’ काढले. यातला ‘डी’ म्हणजे जर्मन भाषेतला दाब. इंजिनाच्या मॅनिफोल्डमधली पोकळी किती आहे हे मोजून त्यावरून पेट्रोल ठरवायचे. १९७३ नंतर आले ‘एल-जेट्रॉनिक’. ‘एल’ म्हणजे हवा. यात आत जाणारी हवाच मोजायची. आणि १९७६ साली व्होल्वोने कॅलिफोर्नियासाठी केलेल्या मोटारीत धुरातला प्राणवायू हुंगणारा लॅम्डा सेन्सर आला. त्यामुळे कंप्युटरला आपण दिलेले पेट्रोल जास्त झाले की कमी, हे मागाहून कळू लागले. इंजिनाला स्वतःची चव घेता येऊ लागली, असे म्हणा ना.

येथपर्यंत सारे ठीक. पण निदानाचे काय? आता स्क्रू नव्हता, जेट नव्हता. एक बंद पत्र्याची पेटी होती आणि तिच्यातून निघालेल्या वीस-पंचवीस तारा. १९८०-८१ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या गाड्यांत ‘चेक इंजिन’ असे लिहिलेला दिवा बसवला. बिघाड झाला की दिवा लागे, आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटातल्या दोन टोकांना तारेचा तुकडा जोडला की तो उघडझाप करून आकडा सांगे. एक लुकलुक, थोडा विराम, मग दोन लुकलुकी, म्हणजे बारा. पण बारा म्हणजे काय? जनरल मोटर्सच्या गाडीत इंजिन बंद असता बारा आले तर सारे ठीक. कंप्युटर जागा आहे आणि इंजिन फिरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. निसानमध्ये बारा म्हणजे हवा मोजणाऱ्या मीटरचा दोष. टोयोटामध्ये बारा म्हणजे इंजिन फिरते आहे हे सांगणारा संकेतच येत नाही. आपल्या रस्त्यांवर आलेल्या सुझुकी घराण्याच्या जुन्या इंजेक्शन गाड्यांत बारा म्हणजे पुन्हा सुखरूप! एकच आकडा, आणि प्रत्येक कंपनीच्या कोशात त्याचा अर्थ निराळा. ज्याच्याकडे कोश त्याच्याकडे गिऱ्हाईक. गावोगावच्या मिस्त्रीचा कान शाबूत होता, पण भाषा बदलली होती आणि व्याकरण कुलपात होते.

हे कुलूप उघडले कोणी? मोठ्या मनाने कंपन्यांनी नव्हे. ते उघडले धुराच्या कायद्याने. कॅलिफोर्निया सरकारचे म्हणणे साधे होते: गाडीचा दोष कंपनीच्याच वर्कशॉपात कळणार असेल तर लोक दुरुस्ती टाळतील आणि हवा घाण होईल. म्हणून १९८८ च्या गाड्यांपासून तेथे स्वतःचा दोष स्वतः सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली. १९९० च्या केंद्रीय कायद्याने धुराशी संबंधित माहिती स्वतंत्र मिस्त्रींनाही द्यावी असे ठरले. आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला एकाच आकाराचे सोळा पिनांचे सॉकेट आणि एकच सामाईक आकड्यांची भाषा आली. आपल्याकडे ही सक्ती बीएस-४ बरोबर २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. कार्ब्युरेटरला मूठमाती मात्र त्याआधीच मिळाली होती. एम. सी. मेहता यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९९ रोजी दिल्ली परिसरासाठी नवे निकष ठरवून दिले, आणि वर्षा-दोन वर्षांत नव्या पेट्रोल मोटारींच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरे झळकू लागली. लक्षात घ्या, इंजेक्शन आधी आले आणि सामाईक भाषा सुमारे दहा वर्षांनी. त्या दहा वर्षांतल्या लाखो गाड्या म्हणजे आज ज्यांना आपण जुन्या गाड्या म्हणतो त्या. त्या मुक्या नाहीत. पण त्यांची बोली सर्वांना येत नाही.

आता थोडे प्रत्यक्ष निदानाकडे येतो, कारण गोष्ट तेथेच खरी रंगते. सामाईक भाषेत पी ०१७१ असा एक आकडा आहे. अर्थ असा की मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. स्कॅनरवर हा आकडा दिसला की नवखा मिस्त्री लॅम्डा सेन्सर बदलून टाकतो, कारण तक्रार त्यानेच केलेली असते. तक्रार करणाऱ्यालाच कामावरून काढून टाकण्याचा हा प्रकार आम्हा युनियनवाल्यांना चांगला परिचयाचा आहे! सेन्सर खरेच बोलत असतो. दोष असतो कोठल्या तरी तडकलेल्या रबरी नळीचा, किंवा दमलेल्या पेट्रोल पंपाचा. या दोहोंत फरक कसा करायचा? कंप्युटर नेहमीच्या मापापेक्षा किती जास्त पेट्रोल घालतो आहे, हे स्कॅनरवर टक्क्यांत दिसते. रेस मंद असताना ही भर मोठी आणि अडीच हजार फेऱ्यांवर नेली की नाहीशी, तर समजावे की गाडी चोरून हवा घेते आहे; कारण छिद्र तेवढेच, पण मंद रेसला इंजिनाचा एकूण श्वासच लहान, म्हणून चोरीचा वाटा मोठा दिसतो. उलट रेस वाढवावी तशी भर वाढत गेली तर पंप, फिल्टर किंवा दाब पाहावा. हे सांगायला स्कॅनर आकडे देतो. विचार मिस्त्रीलाच करावा लागतो.

त्यातही ‘डी’ आणि ‘एल’ घराण्यांचे स्वभाव निराळे. हवा मोजणाऱ्या गाडीत गळती मीटरच्या पुढे असली की ती हवा हिशेबात येत नाही. मिश्रण पातळ होते, गाडी थरथरते, मरते. दाब मोजणाऱ्या गाडीत मात्र चोरीची हवाही दाबात दिसते. कंप्युटर इमानदारीने तिच्यापुरते पेट्रोल घालतो आणि रेस उलट वर चढते. मग दुसरी गंमत. थ्रॉटल बंद आणि रेस वर, हे पाहून कंप्युटरला वाटते की गाडी उतारावर आहे; तो पेट्रोल तोडतो. रेस पडते. पडली की पुन्हा देतो. पुन्हा चढते. गाडी उभ्या जागी दम्याच्या रोग्यासारखी वरखाली श्वास घेत राहते. मिस्त्री याला ‘हंटिंग’ म्हणतात. उपाय म्हणजे एक एक नळी चिमट्याने दाबत जायचे. ज्या नळीवर रेस सुधारली ती दोषी. पंचाण्णव रुपयांच्या नळीसाठी हजारोंचा कंप्युटर बदलायला सांगितलेली गिऱ्हाइके मी पाहिली आहेत. कोणी सांगितले ते सोडून देऊ.

रेस सांभाळण्यासाठी स्क्रूच्या जागी एक छोटा झडपेचा मोटर आला. बंद थ्रॉटलला वळसा घालून जाणारी हवा तो कमी-जास्त करतो. जुन्या गाडीत त्याच्या वाटेत कार्बन साचतो. सिग्नलला गाडी बंद पडते ती बहुधा त्यामुळे. साफ करावा, आणि मग कंप्युटरला नव्याने रेस शिकू द्यावी. नाहीतर साफ केल्यावर उलट बिघडली अशी बोंब होते. दुसरा लहानसा चोर म्हणजे पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर. थंडीत याचा विद्युतरोध वाढतो, उष्णतेत उतरतो. त्याच्या सॉकेटात गंज धरला की रोध वाढतो आणि भर मे महिन्यात सोलापुरात उभ्या असलेल्या गाडीच्या कंप्युटरला वाटते की आपण काश्मिरात आहोत. तो पेट्रोल ओततच राहतो. काळा धूर, पेट्रोलाचा वास, घटलेले ॲव्हरेज. आणि कोडचा दिवा बंदच, कारण तार तुटलेली नाही, फक्त खोटे बोलते आहे.

आता एसी. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो आणि मंद रेसला कित्येक अश्वशक्ती खातो. म्हणून इंजेक्शनच्या गाडीत एसीचे बटण थेट क्लचला जोडलेले नसते. ते कंप्युटरला अर्ज करते. कंप्युटर आधी हवेची झडप उघडून रेस सावरतो, मग क्लच लावतो. झडप घाण असेल तर गिऱ्हाईक म्हणते, ‘एसी लावला की गाडी बंद पडते’, आणि बिचारा एसीवाला गॅस तपासत बसतो. उलटही घडते. गॅस कमी झाला की दाबाचा स्विच क्लच तोडतो, क्षणभराने दाब वाढला की जोडतो. दर काही सेकंदांनी ओझे येते आणि जाते, रेस वरखाली होते, आणि गिऱ्हाईक इंजिन उघडायला सांगते. कंडेन्सरचा पंखा बंद असेल तर गाडी पळताना एसी थंड आणि गर्दीत गरम, वर इंजिनावर ओझे दुप्पट. दोष पंख्याच्या फ्यूजचा, आणि बिल कॉम्प्रेसरचे!

एक गोष्ट येथे आवर्जून सांगतो. गॅस हा पेट्रोलासारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कोठून तरी गळला आहे. ‘दर उन्हाळ्यात गॅस भरावाच लागतो’ असे जो सांगतो तो निदान करीत नाही, वर्गणी गोळा करतो. निळ्या आणि लाल अशा दोन घड्याळांवर दोन्ही दाब कमी दिसले तर गळती. दोन्ही जास्त दिसले तर गॅस जादा किंवा कंडेन्सर गुदमरलेला. खालचा जास्त आणि वरचा कमी असेल तर कॉम्प्रेसर म्हातारा झाला. आणि थोडा वेळ थंड, मग बंद, मग पुन्हा थंड असे होत असेल तर आत पाणी राहिले आहे आणि ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी गोठते आहे. ही विद्या आमच्या मिस्त्रींना येते. पण ती येईपर्यंत त्यांनी काय सोसले तेही ऐका. आर-१२ ची गळती शोधायला ज्योतीचा दिवा वापरीत. तांब्याच्या तापलेल्या चकतीवरून गॅस गेला की ज्योत हिरवी होई. त्या हिरव्या ज्योतीतून फॉस्जीन निघते, म्हणजे पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांवर सोडलेला तो वायू. बोनेटमध्ये डोके घालून माणसे तो हुंगत होती. फार नव्हे, थोडा, पण रोज.

१९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवले की मिजलीचा हा निरुपद्रवी वायू वर जाऊन ओझोनचे कवच फोडतो. १९८५ साली अंटार्क्टिकावरचे भगदाड जगासमोर आले, १९८७ साली माँट्रियलचा करार झाला, १९९२ साली भारत त्यात सामील झाला आणि २०१० पासून आपल्याकडे आर-१२ बंद झाला. कराराबद्दल माझी तक्रार नाही. जगाने एकमताने केलेल्या थोड्या चांगल्या कामांपैकी ते एक आहे. पण त्याची तांत्रिक बाजू गल्लीतल्या गॅरेजपर्यंत पोचवण्याची निकड कोणाला होती? नवा आर-१३४ए हा वायू जुन्या खनिज तेलात मिसळत नाही. जुन्या गाडीत तेल न बदलता तो भरला तर तेल कॉम्प्रेसरकडे परत येत नाही, आणि तो आतल्या आत घासून जाम होतो. याचा रेणूही लहान, जुन्या रबरी नळ्यांतून तो पाझरतो. आणि नव्या वायूत क्लोरीन नसल्यामुळे ज्योत हिरवीही होत नाही. म्हणजे निदानाचे जुने साधनही निकामी. मिस्त्री हे सारे शिकले, पण जाम झालेल्या कॉम्प्रेसरांची भरपाई खिशातून देऊन शिकले.

यावर उपाय म्हणून माणसांनी निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी दारे ठोठावली. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी थेट मतदान करून असा कायदा घेतला की कंपनीच्या वर्कशॉपाला जी माहिती आणि जी साधने मिळतात ती योग्य किमतीत स्वतंत्र गॅरेजलाही मिळाली पाहिजेत. गाड्या बिनतारी संदेशाने आपली दुखणी थेट कंपनीला कळवू लागल्या, तेव्हा २०२० साली पुन्हा मतदान झाले आणि सुमारे पाऊणशे टक्के मते मिस्त्रींच्या बाजूने पडली. आपल्या देशात हे काम स्पर्धा आयोगाने केले. एका नागरिकाच्या तक्रारीवरून चौकशी होऊन ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून २५४४ कोटी रुपयांवर दंड ठोठावला. आरोप काय होता? सुटे भाग, तांत्रिक पुस्तिका आणि निदानाची साधने स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना मिळू दिली नाहीत, हाच. पुढे अपिले झाली, वकिलांची पिढी पोसली गेली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’चे संकेतस्थळ उघडले. गॅरेजमधल्या आमच्या सभासदांना मी ते निकाल मराठीत वाचून दाखवले तेव्हा एका वयस्कर मिस्त्रीने विचारले, ‘दंड सरकारजमा झाला तर मग पुस्तिका कोणाकडे आली?’ मी त्याला निकालातली कलमे समजावून सांगितली. त्याचे समाधान झाले असे मला वाटले नाही.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. वीस वर्षांची मुदत शेवटच्या गाडीलाही गाठून गेली. आता गॅरेजमध्ये येणारी ‘जुनी गाडी’ म्हणजे कार्ब्युरेटरची नव्हे. ती २००० ते २०१० मधली इंजेक्शनची. जिचे सॉकेट निराळे, जिचा स्कॅनर कंपनीनेच केव्हाच बाजूला ठेवलेला, जिला पंधरा वर्षे उलटल्यामुळे पुनर्नोंदणी करून चालवणारा मालक म्हणजे बहुधा भाजीवाला, शिकवणी घेणारा मास्तर किंवा दवाखान्याच्या फेऱ्या मारणारे एखादे कुटुंब. या गाड्यांसाठी आमच्या मिस्त्रींनी एक व्यवस्था केली आहे. दोनशे पानी वही. डाव्या बाजूला गाडीचे नाव आणि कोणत्या दोन टोकांना तार जोडायची त्याचे चित्र, उजव्या बाजूला लुकलुकींचे आकडे आणि पुढे अर्थ, मराठीत आणि जमेल तसा हिंदीत. काही अर्थांपुढे पेन्सिलीने लिहिलेले असते, ‘सेन्सर बदलू नये, आधी नळी पाहावी.’ अशी एक वही मी मिरजेत पाहिली, तिचीच नक्कल नगरला पाहिली, आणि त्या नकलेत मूळ वहीत नसलेले अकरा आकडे नव्याने भरलेले होते.